हातावरचे दोन ठिपके : घरातला छळ, खून आणि गुप्तहेराची नजर

आर्थर कॉनन डॉइल यांची ‘अ‍ॅबी ग्रेंज’ ही शेरलॉक होम्सची कथा सप्टेंबर १९०४ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात प्रसिद्ध झाली. केंट परगण्यातल्या एका वाड्यात सर युस्टस ब्रॅकनस्टॉल या गडगंज जमीनदाराचा खून झाला आहे. शेकोटीजवळच्या लोखंडी सळईने त्याचे डोके फोडले आहे. होम्स आणि वॉटसन पोहोचतात तेव्हा त्याची पत्नी मेरी कोचावर पडलेली आहे. तिच्या एका डोळ्यावर जांभळी सूज आहे. बोलता बोलता तिच्या सैल झग्याची बाही मागे सरकते आणि उघड्या हातावर दोन लालभडक ठिपके दिसतात. होम्सच्या नजरेतून ते सुटत नाहीत. हे काय, असे तो विचारतो. ती घाईघाईने हात झाकते आणि सांगते, हे काही नाही, आज रात्रीच्या प्रकाराशी याचा संबंध नाही.

आणि होम्स तो विषय तिथेच सोडून देतो.

मी कुठल्या विद्यापीठात शिकवत नाही. गुप्तहेरकथा वाचायच्या आणि त्यांच्या वह्या करायच्या, हा माझा जुना उद्योग. त्या वह्यांत प्रत्येक कथेला दोन रकाने असतात. एकात गुप्तहेराला काय काय दिसले ते, आणि दुसऱ्यात त्यातले त्याने पुरावा म्हणून काय धरले ते. बहुतेक कथांत हे दोन रकाने जवळजवळ सारखेच भरतात, कारण रहस्यकथेत अनावश्यक वस्तू ठेवायची नाही असा लेखकांचा दंडक असतो. ‘अ‍ॅबी ग्रेंज’मध्ये मात्र हे दोन ठिपके पहिल्या रकान्यात आहेत आणि दुसऱ्यात नाहीत. ते का नाहीत, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. ज्या खुनाच्या मुळाशी घरातला छळ आहे, तिथे छळाची खूण आणि खुनाचा हेतू या दोन वेगळ्या गोष्टी नसतात. बाईच्या अंगावरचा जो वळ पाहून तिची कणव यावी, तोच वळ सरकारी वकिलाच्या हाती पडला की तिच्या गळ्याचा फास होतो. ही अडचण गुप्तहेरकथेने फार लवकर ओळखली होती, असे मला दिसते. तिच्यातून वाट कशी काढायची, हे मात्र दोन लेखकांनी दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी सांगितले.

पेले, दोरी आणि सळई

मेरी पोलिसांना सांगते की तिघे दरोडेखोर आले, त्यांनी तिला घंटेच्या दोरीने खुर्चीला बांधले, नवऱ्याला मारले, मद्य प्यायले आणि चांदीची भांडी घेऊन गेले. होम्सला हे पटत नाही, आणि का पटत नाही याचा तपशील कथेत विस्ताराने येतो. मद्याचे तीन पेले आहेत, पण गाळ एकाच पेल्यात उतरला आहे. म्हणजे पिणारे दोघेच होते आणि उरलेसुरले तिसऱ्या पेल्यात ओतले. घंटेची दोरी ओढून तोडली असती तर स्वयंपाकघरात घंटा वाजली असती. ती कापलेली आहे, आणि गाठी खलाशाच्या हातच्या आहेत. या धाग्यावरून होम्स कॅप्टन क्रोकर या दर्यावर्दी माणसापर्यंत पोहोचतो. लग्नापूर्वी मेरी ऑस्ट्रेलियाहून ज्या बोटीने इंग्लंडला आली, त्या बोटीवर तो अधिकारी होता.

या सगळ्या साखळीत ठिपक्यांची कडी नाही. ते हॅटच्या टाचणीने भोसकल्याचे आहेत, हे मेरीची जुनी दाई थेरेसा नंतर सांगते. नवरा दारुडा होता, त्याने बायकोच्या कुत्र्यावर रॉकेल ओतून त्याला पेटवले होते, थेरेसाच्या अंगावर काचेचे भांडे फेकले होते, हेही कळते. पण ही सगळी माहिती मृताचे चारित्र्य म्हणून येते, पुरावा म्हणून नाही. कथेचे घड्याळ त्या रात्री अकराच्या सुमारास सुरू होते. त्याआधीचे वर्षभराचे लग्न ही फक्त पार्श्वभूमी.

आता क्रोकरची कबुली पाहू. तो मेरीला भेटायला आला असताना नवरा आत घुसला, त्याने तिला अर्वाच्य शिवी दिली आणि हातातल्या काठीने तिच्या तोंडावर मारले. क्रोकरने सळई उचलली. ही मारामारी बरोबरीची होती हे पटवण्यासाठी क्रोकर आपला हात दाखवतो, कारण पहिला फटका त्यावर बसला होता.

म्हणजे या कथेत खुणा असलेले हात दोन आहेत. पुरुषाच्या हातावर एकच वळ आहे, ताजा, त्याच रात्रीचा. तो दाखवण्यासाठी पुढे केला जातो आणि त्याच्या सुटकेला आधार होतो. बाईच्या हातावर दोन जखमा आहेत, आधीच्या. त्या झाकल्या जातात आणि त्यांचा ‘संबंध नाही’ असे ती स्वतःच सांगते. तिचे खोटे बोलणे मूर्खपणाचे नाही. नवरा टाचण्या भोसकत होता असे कळले, तर त्याचा जीव घ्यायला कोणाकडे कारण होते हा प्रश्न आपोआप उभा राहील, आणि दरोडेखोरांची गोष्ट कोसळेल. होम्स पेल्यांवरून गुन्हेगारापर्यंत पोहोचला. ठिपक्यांपासून निघाला असता तर तो आणखी लवकर पोहोचला असता, पण त्या वाटेवर पहिली मेरी उभी होती.

डॉइल यांना काय ठाऊक होते

हे सगळे डॉइल यांच्या हातून नकळत झाले असे मला वाटत नाही. मेरीच्या तोंडी त्यांनी इंग्लंडच्या विवाहकायद्याविरुद्ध तळतळाट घातला आहे. अशा माणसाशी बाईला जन्मभर बांधून ठेवणारे कायदे देशाला शाप आणतील, अशा अर्थाचे ती बोलते. त्याला वस्तुस्थितीचा आधार होता. १८५७ च्या कायद्याने नवऱ्याला बायकोच्या केवळ व्यभिचारावरून घटस्फोट मिळे. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्याग यांसारखे आणखी काहीतरी सिद्ध करावे लागे. नुसती क्रूरता, ती कितीही असो, घटस्फोटाला पुरेशी नव्हती. १८७८ आणि १८९५ च्या कायद्यांनी मॅजिस्ट्रेटकडून विभक्त राहण्याचा आदेश मिळण्याची सोय झाली, पण त्याने लग्न मोडत नसे. क्रूरता हे घटस्फोटाचे स्वतंत्र कारण व्हायला इंग्लंडमध्ये १९३७ साल उजाडावे लागले. डॉइल स्वतः घटस्फोट कायदा सुधारणा संघाचे काही वर्षे अध्यक्ष होते आणि १९०९ साली त्यांनी या विषयावर निबंधही प्रसिद्ध केला. त्यांचे वडील मद्यासक्त होते आणि त्यांची अखेरची वर्षे मनोरुग्णालयात गेली. दारुड्याचे घर कसे असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

याआधी १८९२ मध्ये आलेल्या ‘कॉपर बीचेस’ या कथेत होम्स आगगाडीतून हिरवीगार खेडी पाहतो आणि वॉटसनला सांगतो की त्याला लंडनच्या घाणेरड्या गल्ल्यांपेक्षा या सुंदर एकाकी घरांची जास्त भीती वाटते. शहरात मार खाणाऱ्या मुलाची किंकाळी किंवा दारुड्याच्या गुद्द्याचा आवाज शेजाऱ्यांच्या कानी पडतो, आणि जिथे कायदा पोहोचत नाही तिथे लोकलाज पोहोचते. एकाकी घरात कोणी ऐकणारे नसते. घरातल्या छळाविषयी गुप्तहेरकथेत आलेला हा सर्वांत जाणता उतारा आहे, असे माझे मत आहे. पुरावा वस्तूंत असतोच, पण त्याआधी तो शेजारात असतो, हे तो सांगतो.

इतकी समज असलेल्या लेखकाची क्षमा मात्र कोणाच्या वाट्याला येते, ते पाहिले पाहिजे. ‘अ‍ॅबी ग्रेंज’च्या शेवटी होम्स बेकर स्ट्रीटवरच्या खोलीत कोर्ट भरवतो. वॉटसन ज्युरी, होम्स न्यायाधीश, क्रोकर आरोपी. निकाल निर्दोष. वर्षभराने बाईकडे परत ये, असे आशीर्वादवजा सांगणेही होते. हे कोर्ट भरते तेव्हा मेरी तिथे नाही. तिला कोणी साक्षीलाही बोलावलेले नाही.

सळई मेरीच्या हातात असती तर? याचे उत्तर डॉइल यांनी तेवीस वर्षांनी दिले, असे मी समजतो. १९२७ सालच्या ‘बुरख्यातली भाडेकरू’ या कथेत युजिनिया राँडर ही सर्कसवाल्याची बायको आहे. नवरा तिला आणि जनावरांना चाबकाने फोडून काढतो. त्याच्यावर मारहाणीचे खटले होतात, पण पैसेवाला असल्याने दंडाचे त्याला काही वाटत नाही. ती आणि सर्कशीतला पहिलवान लिओनार्डो मिळून बेत रचतात. खिळे ठोकलेल्या सोट्याने लिओनार्डो नवऱ्याचे डोके फोडतो. तो सिंहाच्या पंजाचा घाव वाटावा म्हणून युजिनिया पिंजऱ्याचे दार उघडते आणि सिंह तिच्यावरच झेप घेतो. तिचा चेहरा राहत नाही. लिओनार्डो पळून जातो. होम्स तिलाही पोलिसांच्या हवाली करत नाही, उलट तिला आत्महत्येपासून परावृत्त करतो. कथा करुणेने लिहिली आहे, यात वाद नाही. पण दोन्ही शेजारी ठेवल्या की हिशेब दिसतो. जिने फक्त मार खाल्ला तिला कॅप्टन मिळतो. जिने बेतात भाग घेतला तिचा चेहरा जातो. डॉइल यांच्या जगात छळलेल्या बाईसाठी कोणी पुरुषाने हात उचलला तर चालते. तिने स्वतः काही ठरवले, की लेखकाला सिंह सोडावा लागतो.

गोधडीचे टाके

दुसरी लेखिका अमेरिकेतली, सुझन ग्लास्पेल. १९०० च्या डिसेंबरात आयोवा राज्यात इंडियानोला गावाजवळ जॉन हॉसॅक या शेतकऱ्याचा रात्री बिछान्यातच कुऱ्हाडीने खून झाला. शेजारी झोपलेली पत्नी मार्गारेट हिच्यावर आरोप आला. ग्लास्पेल तेव्हा ‘डे मॉइन्स डेली न्यूज’ची तरुण वार्ताहर होती आणि तिने या खटल्याच्या बातम्या पाठवल्या. घरात वर्षानुवर्षे भांडणे आणि दहशत होती, हे साक्षींतून पुढे आले. पण ते पुढे आणले सरकार पक्षाने, खुनाचा हेतू म्हणून. बारा पुरुषांच्या ज्युरीने १९०१ मध्ये तिला दोषी धरले आणि जन्मठेप झाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढल्या वर्षी तो निकाल फिरवला. १९०३ च्या फेरखटल्यात ज्युरीचे एकमत झाले नाही आणि ती सुटली.

या अनुभवातून ग्लास्पेलने १९१६ मध्ये ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका लिहिली आणि १९१७ मध्ये त्याच गोष्टीची कथा केली. कथेचे नाव ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’, म्हणजे तिच्या बरोबरीच्यांची ज्युरी. जॉन राइट झोपेत गळ्याला दोर आवळून मारला गेला आहे. बायको मिनी कोठडीत आहे. ती कथेत एकदाही समोर येत नाही. शेरीफ, सरकारी वकील आणि शेजारचा शेतकरी हेल घर तपासायला येतात. शेरीफची बायको आणि हेलबाई कोठडीतल्या मिनीसाठी कपडे न्यायला आल्या आहेत. पुरुष स्वयंपाकघरावर नजर टाकतात, इथे चुलीभांड्यांशिवाय काही नाही असे ठरवतात आणि माडीवर जातात.

मग उरलेली कथा स्वयंपाकघरात घडते. अर्धेच पुसलेले टेबल. डब्यात ओतता ओतता मध्येच राहिलेली साखर. थंडीने फुटलेल्या मुरंब्याच्या बरण्या. शिवत असलेली गोधडी, जिचे टाके इतका वेळ सरळ आहेत आणि एका चौकोनात अचानक वेडेवाकडे झाले आहेत. मोडक्या दाराचा रिकामा पिंजरा. आणि शिवणाच्या पेटीत रेशमी तुकड्यात गुंडाळलेला, मान पिरगाळलेला कॅनरी पक्षी. मिनी लग्नापूर्वी गात असे. या घरात गाणारा तेवढा तो पक्षी होता.

गुप्तहेरकथेच्या नियमांनी पाहिले तर हा तपास होम्सच्या तोडीचा आहे. वेड्यावाकड्या टाक्यांवरून शिवणारीच्या मनःस्थितीपर्यंत जाणे आणि पेल्यातल्या गाळावरून पिणाऱ्यांच्या संख्येपर्यंत जाणे, ही रीत एकच. फरक दोन आहेत. एक म्हणजे या खुणा वाचायला लागणारे ज्ञान स्वयंपाकघरातले आहे, म्हणून पुरुषांना त्या खुणा वाटतच नाहीत. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे. सरकारी वकिलाला फक्त हेतू सापडायचा राहिला आहे. राग दाखवणारी एखादी वस्तू मिळाली की खटला उभा राहतो, असे तो बोलून दाखवतो. ती वस्तू बायकांच्या हातात आहे. मिनीने काय सोसले याचा एकमेव साक्षीदार असलेला तो मेलेला पक्षी, तिला दोषी ठरवणारा एकमेव मुद्देमालही आहे. हेलबाई टाके उसवून सरळ घालते. पक्षी तिच्या कोटाच्या खिशात जातो.

मेरीने आपला हात स्वतः झाकला. मिनीचा हात दुसऱ्या दोघींनी झाकला. डॉइल आणि ग्लास्पेल यांच्यातले अंतर मला या ठिकाणी मोजता येते. बेकर स्ट्रीटवरच्या कोर्टात एका पुरुषाने दुसऱ्याला मोठ्या मनाने माफ केले आणि स्वतःवर काही घेतले नाही. हेलबाई मात्र माफ करण्याआधी स्वतःवर आरोप ठेवते. अधूनमधून या घराची पायरी चढायला हवी होती, ती आपण चढलो नाही, हाही गुन्हाच, त्याची शिक्षा कोण देणार, असे ती म्हणते. होम्सने आगगाडीतून पाहिलेले एकाकी घर ते हेच. तिथे तो बाहेरून बोलत होता. इथे न ऐकलेल्या किंकाळीचा जाब शेजारीण स्वतःला विचारते.

‘अचानक’ या शब्दाची किंमत

कायद्यानेही आपले घड्याळ गुप्तहेरकथेसारखेच ठेवले होते. इंग्लंडमध्ये १९४९ च्या डफी खटल्यात, नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईनेच केलेल्या खुनात, न्यायाधीशांनी चिथावणीची व्याख्या सांगितली. मनावरचा ताबा अचानक आणि तात्पुरता सुटला असला पाहिजे. ती दोषी ठरली. क्रोकर या व्याख्येत चपखल बसतो. मिनी बसत नाही, कारण नवरा झोपलेला होता.

ही व्याख्या एका भारतीय बाईच्या खटल्यामुळे हलली. मूळच्या पंजाबातल्या आणि लग्नानंतर इंग्लंडला गेलेल्या किरणजीत अहलुवालिया यांनी दहा वर्षांच्या छळानंतर १९८९ मध्ये झोपलेल्या नवऱ्याच्या बिछान्याला आग लावली आणि तो मरण पावला. त्यांना खुनाबद्दल जन्मठेप झाली. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, सदोष मनुष्यवधाची कबुली घेतली गेली आणि त्यांची सुटका झाली. ‘अचानक’ ही अट इंग्लंडच्या कायद्यातून गेली ती २००९ च्या कायद्याने. आपल्याकडे भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० मधला ‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ’ २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये जसाच्या तसा आला आहे.

इथे एक आक्षेप मी स्वतःच घेतो. पुरावा लपवणाऱ्या दोघींचे कौतुक करायचे का? मराठी वाचकाने हा प्रश्न टाळू नये, कारण आपल्याकडे स्वयंपाकघराचे दार बंद राहिल्याचा फायदा बहुतेक वेळा मारणाऱ्यालाच झाला आहे. ‘स्टोव्हचा भडका’ हा शब्द एका पिढीने वर्तमानपत्रात वाचला आहे. तिथेही जळालेल्या ओट्यापाशी उभे राहून कोणीतरी म्हणालेच होते, की इथे चुलीभांड्यांशिवाय काही नाही. स्त्री संघटनांच्या रेट्यानंतर १९८३ मध्ये ४९८-अ कलम आले आणि लग्नानंतर सात वर्षांच्या आत झालेल्या संशयास्पद मृत्यूंच्या चौकशीची वेगळी तरतूद झाली. १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४-ब कलम आले. मरणाच्या रात्रीपुरते न पाहता लग्नाच्या सुरुवातीपासून पाहा, असे कायद्याने तपासणाऱ्याला पहिल्यांदा सांगितले ते इथे. मेलेल्या बाईसाठी आपण घड्याळ सात वर्षे मागे नेले. जिवंत राहिलेल्या बाईसाठी ते अजून त्या रात्रीवरच थांबले आहे.

म्हणून ग्लास्पेलच्या शेवटाला मी न्याय म्हणत नाही. त्या दोघींनी न्याय केला नाही. त्यांच्या हाती असलेल्या वस्तूला न्यायालयात एकच अर्थ मिळणार होता, तो त्यांनी मिळू दिला नाही, एवढेच. ज्या दिवशी कॅनरी पक्षी न्यायाधीशापुढे ठेवता येईल आणि तो हेतू म्हणून जितका मोजला जाईल तितकाच छळ म्हणूनही मोजला जाईल, त्या दिवशी तो खिशात घालायची गरज राहणार नाही.

होम्स मराठीत आणण्याचे मोठे काम भालबा केळकरांनी केले आणि आपल्या किमान दोन पिढ्या त्यावर वाढल्या. त्या वाचनाने आपल्याला पेले मोजायला शिकवले. ‘अ‍ॅबी ग्रेंज’ पुन्हा वाचणाऱ्याने आता मेरीची बाही सरकते त्या ओळीवर जरा थांबावे. एवढे दिसूनही होम्सने पुढचा प्रश्न विचारला नाही. तो प्रश्न वाचकाने विचारावा, आणि तिने दिलेले उत्तर खरे मानू नये.